काँक्रीटमधील दगडी माल : यांत्रिक गुणधर्म

काँक्रीट तयार करताना सिमेंट व पाणी यांच्या लगद्यात मिसळण्यात येणाऱ्या खडी, वाळू, गोटे इ. कणरूप पदार्थांना एकत्रितपणे दगडी माल असे म्हणता येईल. ४·७५ मिमी.च्या चाळणीवर राहणारा तो भरड माल (खडी, विदर्भात गिट्टी) आणि तीतून खाली पडणारा तो बारीक माल (वाळू, दगडाचा चुरा) होय. सर्वसामान्य काँक्रीटच्या घनफळापैकी सु. ६० ते ७५ टक्के भाग या मालाने व्यापलेला असतो. दगडाचे बल, चिवटपणा, झीजरोध व स्थितिस्थापकता (भार काढताच मूळ आकार धारण करण्याचा गुणधर्म), तसेच कणांचा आकार, आकारमान व पृष्ठभागाचा पोत यांचा काँक्रीटच्या वर्तनावर होणारा परिणाम प्रस्तुत नोंदीत विचारात घेतला आहे. दगडातील काही सिलिकायुक्त घटकांची सिमेंटमधील अल्कलींशी होणारी विक्रिया रासायनिक स्वरूपाची असल्याने ती येथे वगळली आहे [⟶ काँक्रीट, सिमेंट].

दीर्घकाळपर्यंत दगडी माल म्हणजे महागड्या सिमेंटची बचत करणारे निष्क्रिय भरताड होय, अशीच समजूत रूढ होती. डफ एब्रम्स यांनी शिकागो येथे केलेल्या विस्तृत प्रयोगांवरून १९१८ मध्ये जो नियम मांडला त्याने ही समजूत एका परीने दृढच केली. मिश्रण नीट कालवता व ठासता येण्याजोगे असेल, तर काँक्रीटचे बल हे पाणी व सिमेंट यांच्या परस्पर प्रमाणावर अवलंबून असते, असे हा नियम सांगतो. दगड स्वच्छ व टणक असला म्हणजे पुरे, असा त्याचा व्यावहारिक अर्थ घेतला गेला. हा नियम आजही मिश्रणाच्या आखणीचा पाया आहे आणि नेहमीच्या बलाच्या काँक्रीटला तो चांगला लागू पडतो. परंतु काँक्रीट किती भाराला फुटेल एवढ्याच प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळते. ते भाराखाली किती दबेल, वाळताना किती आकसेल, त्याला भेगा केव्हा पडतील आणि वर्षानुवर्षे भार सोसताना ते किती लवेल, या प्रश्नांची उत्तरे मुख्यतः दगडापाशी शोधावी लागतात. घनाचे (चाचणीसाठी ओतलेल्या ठोकळ्याचे) २८ दिवसांचे बल समान असलेली दोन काँक्रीटे इतर बाबतींत बरीच भिन्न असू शकतात, ही गोष्ट प्रत्यक्ष कामावर पुष्कळदा दुर्लक्षिली जाते.

दगड व लगदा यांची सांधणूक : दगडाच्या तुकड्यावर भार वाढवीत नेल्यास त्याची विकृती (लांबीतील सापेक्ष फरक) भाराच्या जवळजवळ सम प्रमाणात वाढते. घट्ट झालेल्या सिमेंटच्या लगद्याचेही वर्तन बऱ्याच अंशी असेच असते. या दोहोंपासून बनलेल्या काँक्रीटचा आलेख मात्र आरंभापासूनच किंचित व पुढे अधिकाधिक वक्र होत जातो. या विसंगतीचे कारण दोन्ही पदार्थांत नसून त्यांच्या सांध्यात आहे.

ओल्या मिश्रणात प्रत्येक खड्याभोवती पाण्याचा पातळ थर जमतो व मोठ्या खड्यांच्या तळाशी वर येऊ पाहणारे पाणी अडकून राहते. शिवाय सिमेंटचे कण दगडाच्या पृष्ठभागाला लागून तितकेसे दाट बसू शकत नाहीत. परिणामी दगडाभोवती सु. २० ते ५० मायक्रॉन (१ मायक्रॉन = मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा, उरलेल्या लगद्याहून अधिक सच्छिद्र व दुर्बल असा पट्टा निर्माण होतो. त्याची जाडी साध्या लिहिण्याच्या कागदाच्या जाडीच्या जेमतेम निम्मी असली, तरी खडी व वाळू यांचे असंख्य कण लक्षात घेता लगद्याचा बराच मोठा भाग या पट्ट्यातच मोडतो. या प्रदेशाकडे फ्रेंच खनिजवैज्ञानिक जे. फारान यांनी १९५६ मध्ये लक्ष वेधले.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात टी. टी. सी. सू, एफ. ओ. स्लेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी भार दिलेल्या काँक्रीटचे पातळ काप करून त्यांचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण केले व आपले निष्कर्ष १९६३ मध्ये प्रसिद्ध केले. भार देण्यापूर्वीच खड्यांच्या कडेने बारीक भेगा असतात, असे त्यांना दिसून आले. या भेगा लगदा आकसताना दगड त्याच्याबरोबर आकसत नसल्यामुळे व पाणी साठल्यामुळे पडतात. अंतिम भाराच्या सु. ३० टक्क्यांपर्यंत त्या स्थिर राहतात. त्यापुढे त्या खड्यांच्या कडेने वाढू लागतात, आणि भार अंतिम मूल्याच्या सु. ७० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान पोहोचला म्हणजे वाळू-सिमेंटच्या भागातून एका खड्यापासून दुसऱ्यापर्यंत जाऊन एकमेकींना मिळतात. यानंतर तोच भार कायम ठेवला तरी काँक्रीट कालांतराने फुटू शकते. तेव्हा साध्या काँक्रीटचा भंग म्हणजे दगडाचा भंग नव्हे. तो दगडाची पकड सुटत जाण्याचा परिणाम होय.

दगडाचे बल : इमारतींसाठी नेहमी वापरण्यात येणाऱ्या काँक्रीटचे दाबबल २० ते ४० मेगापास्कल (१ मेगापास्कल = सु. १०·२ किग्रॅ./चौ.सेंमी.) असते, तर अखंड बेसाल्ट, ग्रॅनाइट किंवा क्वॉर्टझाइट यांचे दाबबल १०० ते २०० मेगापास्कल व कित्येकदा त्याहूनही अधिक असते. त्यामुळे येथे अधिक बलवान दगड आणून काँक्रीटचे बल फारसे वाढत नाही. मात्र दगड हा लगद्यापेक्षा दृढ (कमी दबणारा) असल्याने भार त्याच्याकडे ओढला जातो आणि खड्यांच्या स्पर्शबिंदूंपाशी व कडांशी प्रतिबल (एकक क्षेत्रफळावरील प्रेरणा) सरासरीच्या कित्येक पट होऊ शकते; म्हणून दगडाचे बल काँक्रीटच्या बलाहून बरेच अधिक असणे इष्टच ठरते.

काँक्रीटचे बल सु. ६० मेगापास्कलच्या वर नेले, विशेषतः सिलिका धूम (भट्टीच्या धुरातून मिळणारी अतिसूक्ष्म सिलिका) घालून सांध्याचा पट्टा दाट केला, म्हणजे स्थिती पालटते. हे नुसत्या डोळ्यांनीही पाहता येते. साधा घन फोडला असता भंगलेल्या पृष्ठावर कोठे अखंड खडे पुढे आलेले, तर कोठे निखळलेल्या खड्यांचे खळगे दिसतात. उच्च बलाच्या घनात भंग सरळ खड्यांना चिरून गेलेला असतो. अशा काँक्रीटमध्ये दगडाची निवड हीच बलाची मर्यादा ठरते. खडीही १० ते १२ मिमी. इतकी बारीक घेणे श्रेयस्कर असते. कारण दगड जितका बारीक फोडावा तितके त्यातील मूळचे दोष त्या दोषांच्या ठिकाणीच फुटून नाहीसे होतात.

याच्या उलट टोकाला हलका माल येतो. भाजून फुगविलेली चिकणमाती, भाजलेल्या राखेच्या गोळ्या, प्यूमिस (ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड) यांचे कण लगद्याहूनही दुर्बल असू शकतात आणि मग सिमेंट कितीही वाढविले तरी बल एका मर्यादेपलीकडे जात नाही. ही मर्यादा पत्करून वजन घटविण्याची युक्ती प्राचीन आहे. रोममधील पँथीऑन या सम्राट हेड्रिअन यांच्या काळात पूर्ण झालेल्या मंदिराच्या सु. ४३ मी. व्यासाच्या घुमटात तळाशी जड दगड व विटांचे तुकडे, तर माथ्याजवळ प्यूमिससारखा हलका दगड घातलेला आहे.

दृढता : स्थितिस्थापकता गुणांक (प्रतिबल व त्यामुळे होणारी विकृती यांचे गुणोत्तर) हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा, परंतु कामावर क्वचितच मोजला जाणारा गुणधर्म होय. घट्ट झालेल्या लगद्याचा हा गुणांक साधारणतः १० ते २५ गिगापास्कल (१ गिगापास्कल = १,००० मेगापास्कल) असतो. घट्ट बेसाल्टचा गुणांक ५० ते १०० गिगापास्कल, ग्रॅनाइटचा बराच कमी व अधिक अस्थिर, तर अनेक वालुकाश्मांचा लगद्याच्या गुणांकाच्या जवळपासच असतो. काँक्रीटचा गुणांक या दोन घटकांच्या दरम्यान, त्यांच्या घनफळांच्या प्रमाणानुसार ठरतो. दगड तीन-चतुर्थांश भाग व्यापत असल्याने त्याचा वाटा मोठा असणे स्वाभाविक आहे.

असे असूनही अभिकल्पात (आराखडा व आकडेमोड यांत) हा गुणांक बहुधा केवळ बलावरून काढतात. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीनुसार तो घनाच्या अभिलक्षणात्मक बलाच्या (मेगापास्कलमध्ये) वर्गमूळाच्या ५,००० पट धरतात. ३० मेगापास्कलच्या काँक्रीटसाठी तो सु. २७·४ गिगापास्कल येतो. १९७८ च्या आवृत्तीत हीच संख्या ५,७०० होती. प्रत्यक्ष मूल्य या सूत्राहून २० टक्क्यांनी कमी-अधिक असू शकते, असा इशाराही मानकात दिला आहे, पण सूत्र वापरले जाते आणि इशारा मागे पडतो. यूरोपीय संकेत अधिक स्पष्ट आहे. क्वॉर्टझाइटचा माल प्रमाण धरून चुनखडकासाठी गुणांक १० टक्क्यांनी व वालुकाश्मासाठी ३० टक्क्यांनी घटवावा आणि बेसाल्टसाठी २० टक्क्यांनी वाढवावा, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे घनाचे बल तेच असता केवळ दगड बदलल्याने तुळईचा तात्काळ बाक जवळजवळ पावणेदोन पट होऊ शकतो.

लहान गाळ्यांच्या इमारतींत याने फारसे बिघडत नाही. लांब गाळ्यांच्या पूर्वप्रतिबलित (आतील पोलादी तारा ताणून काँक्रीटला आधीच दाब दिलेल्या) पुलांत मात्र ते गंभीर ठरते. पॅसिफिक महासागरातील पलाऊ येथे कॉरॉर व बाबेल्दाओब या बेटांना जोडणारा पूल १९७७ मध्ये पूर्ण झाला. त्याचा सु. २४१ मी.चा मुख्य गाळा त्या वेळी या प्रकारच्या पुलांत जगात सर्वांत लांब होता. खडी स्थानिक बेसाल्ट फोडून केलेली होती. सु. १८ वर्षांत पुलाचा मध्य सव्वा मीटरहून अधिक लवला. वाहने उभी करून केलेल्या चाचणीत काँक्रीटचा गुणांक सु. २२ गिगापास्कल आढळला. बलावरून काढलेले मूल्य मात्र सु. २८ होते. १९९६ मध्ये पूल सरळ करण्यासाठी नव्या तारा ताणण्यात आल्या आणि काही महिन्यांतच, २६ सप्टेंबर १९९६ रोजी, तो कोसळून दोन माणसे मृत्युमुखी पडली. या अतिरेकी लवण्याचे मुख्य कारण मंदविसर्पणाचा (स्थिर भाराखाली कालानुसार वाढत जाणाऱ्या विकृतीचा) अंदाज फार कमी धरला जाणे हे होते. गुणांकाच्या तुटीने त्यात भर पडली. बेसाल्ट हे नाव दगडाच्या दृढतेची हमी देत नाही, एवढे तरी यावरून दिसते.

आकुंचन व मंदविसर्पण : वाळताना आकसतो व भाराखाली विसर्पण पावतो तो लगदा. दगड त्याला आतून अडवून धरतो. जी. पिकेट यांनी १९५६ मध्ये दाखविल्याप्रमाणे काँक्रीटचे आकुंचन हे लगद्याच्या आकुंचनास मालविरहित घनफळाच्या अपूर्णांकाच्या विशिष्ट घाताने (१·२ ते १·७) गुणून मिळते. मालाचे घनफळ ७० टक्के व घात १·५ धरल्यास काँक्रीट लगद्याच्या केवळ एक-षष्ठांश आकसते. या सूत्रात दगड न दबणारा आहे असे गृहीत आहे. मऊ व सच्छिद्र दगड स्वतःच दबत असल्याने ही रोखण्याची क्रिया दुबळी पडते आणि भेगांचे प्रमाण वाढते. काही दगड तर स्वतःच आकसतात. स्कॉटलंडमधील काही डोलेराइट व दक्षिण आफ्रिकेतील कारू गटाचे काही खडक यांत मृद्-खनिजे असल्याने ते भिजल्यावर फुगतात व वाळल्यावर आकसतात. दिसण्यात टणक असलेल्या या दगडांनी बांधकामांना मोठाल्या भेगा पडल्याचे आढळले आहे.

आकार, पोत व आकारमान : नदीतील गुळगुळीत गोटे मिश्रणात सहज सरकतात व पाणी कमी लागते, पण लगद्याची त्यांच्यावरील पकड बेताचीच असते. फोडलेल्या खडीची कोनदार व खडबडीत अंगे पकड वाढवितात, विशेषतः काँक्रीटचे ताणबल व नमनबल (वाकविताना मिळणारे बल) त्यामुळे सुधारते. मात्र पाणी अधिक लागते. चपटे व लांबोडके खडे सर्वांत त्रासदायक. चपटा खडा आडवा पडून त्याखाली पाणी व हवा अडकते, तो वाकून मोडतो आणि मिश्रण ठासणे कठीण करतो. जबड्याच्या यंत्रात एकदाच फोडलेल्या बेसाल्टमध्ये असे खडे पुष्कळ निघतात. वेगाने फिरणाऱ्या चक्रातून दगडावर दगड आपटणाऱ्या उभ्या अक्षाच्या यंत्रांतून पुन्हा काढल्यास खडी चौकोनी होते. या एका सुधारणेने पाण्याची मागणी घटते व एब्रम्स यांच्या नियमानुसार बलही वाढते.

मोठ्या खडीचा पृष्ठभाग घनफळाच्या मानाने कमी असल्याने ती भिजविण्यास लगदा कमी पुरतो. म्हणून धरणांसाठी ७५ ते १५० मिमी.पर्यंतची खडी वापरून सिमेंट व त्यापासून निर्माण होणारी उष्णता कमी करतात. कोयना धरणात रबल काँक्रीट (मोठे दगड दाबून बसविलेले काँक्रीट) वापरले ते याच दिशेचे पुढचे पाऊल होय.

तापमानाचा परिणाम : बेसाल्ट व चुनखडक यांचे ऊष्मीय प्रसरण कमी, तर क्वॉर्टझयुक्त दगडांचे अधिक असते. क्वॉर्टझ सु. ५७३° से. तापमानास स्फटिकरूप बदलून एकाएकी फुगतो, त्यामुळे आगीत ग्रॅनाइट व क्वॉर्टझाइट यांच्या काँक्रीटची हानी लवकर होते.

कसोट्या : भारतीय मानक २३८६ च्या चौथ्या भागात (१९६३) यांत्रिक कसोट्या दिल्या आहेत. चुरडण मूल्यासाठी १० ते १२·५ मिमी. खडी पोलादी नळकांड्यात भरून तीवर १० मिनिटांत ४० टनांपर्यंत भार देतात व २·३६ मिमी.च्या चाळणीतून पडणाऱ्या चुऱ्याचे शेकडा प्रमाण काढतात. आघात मूल्यासाठी सु. १४ किग्रॅ.चा हातोडा ३८ सेंमी. उंचीवरून १५ वेळा पाडतात. लॉस अँजेल्स कसोटीत खडी पोलादी गोळ्यांसह फिरत्या पिंपात घोळवितात. रस्ते, धावपट्ट्या यांसारख्या झिजणाऱ्या पृष्ठभागांसाठी आघात व झीज मूल्ये ३० टक्क्यांहून अधिक नसावीत. इतर काँक्रीटसाठी ती अनुक्रमे ४५ व ५० टक्क्यांपर्यंत चालतात. दक्षिण महाराष्ट्र व सह्याद्रीतील चांगला बेसाल्ट या कसोट्यांना लीलया उतरतो.

या कसोट्या सोप्या व उपयुक्त असल्या, तरी त्यांतील काही मुळात रस्त्यांच्या सुट्या खडीसाठी निर्माण झाल्या हे ध्यानात ठेवले पाहिजे. नळकांड्यात खडा खड्यावर रगडला जातो. काँक्रीटमध्ये त्याला चोहोबाजूंनी लगद्याचा आधार असतो. चपट्या खड्यांचे प्रमाण वाढले तरी चुरडण मूल्य बिघडते, त्यामुळे दोष दगडाचा की फोडण्याचा हे कळत नाही. आणि दृढता यांपैकी एकाही कसोटीत प्रत्यक्ष मोजली जात नाही. महत्त्वाच्या कामी दगडाच्या गाभ्याचा, किंवा निदान त्याच खडीच्या काँक्रीटचा, गुणांक मोजून घेणे हाच खात्रीचा मार्ग होय.

महाराष्ट्रातील दगड : राज्याचा बहुतेक भाग दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्ट लाव्ह्यांनी व्यापलेला आहे. परंतु एकाच खाणीत, कित्येकदा एकाच उभ्या कड्यात, दोन अगदी भिन्न दगड मिळतात. घट्ट काळा पाषाण जड (सापेक्ष घनता २·८ ते ३·०), कमी पाणी शोषणारा व दृढ असतो. लाव्ह्याच्या थराच्या वरच्या भागातील कुहरी बेसाल्ट (लोकभाषेत मांजऱ्या) यातील वायूंच्या पोकळ्या झिओलाइट, कॅल्साइट, कॅल्सेडोनी यांनी भरलेल्या असतात. त्याचे बल व दृढता कमी आणि जलशोषण अधिक असते. दोन थरांमधील तांबडी माती व ज्वालामुखी ब्रेशिया तर सर्वस्वी त्याज्य होत. खाणमालाचा एक नमुना तपासून वर्षभर तो दगड मंजूर समजणे येथे विशेष धोक्याचे आहे. खाणीचे तोंड पुढे सरकले की दगड पालटतो. कोकण व गोवा येथील जांभा बांधीव चिऱ्यासाठी उत्तम असला, तरी सच्छिद्र व मऊ असल्याने बलवान काँक्रीटच्या खडीस निरुपयोगी आहे. पूर्व विदर्भात ग्रॅनाइट-पट्टिताश्म व क्वॉर्टझाइट उपलब्ध आहेत.

नदीतील वाळूची टंचाई हा अलीकडच्या काळातील मोठा बदल होय. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गौण खनिजांच्या लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरविल्यानंतर बेसाल्ट दळून केलेल्या कृत्रिम वाळूचा वापर झपाट्याने वाढला. हिचे कण कोनदार असतात व तीत भुकटी बरीच असते. ७५ मायक्रॉनहून बारीक भाग नैसर्गिक वाळूत ३ टक्के, तर दगड दळून केलेल्या वाळूत १५ टक्क्यांपर्यंत चालतो. ही सवलत भुकटी शुद्ध दगडाची आहे या गृहीतावर दिलेली आहे. मांजऱ्या किंवा कुजलेला दगड दळल्यास त्याच चाळणीतून मृद्-खनिजे येतात, आणि पाण्याची मागणी व आकुंचन दोन्ही वाढतात.

भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने धातुमळीपासून व पाडलेल्या काँक्रीटपासून मिळणाऱ्या मालासही प्रथमच स्थान दिले. जुन्या काँक्रीटच्या खडीवर जुना लगदा चिकटलेला असतो, त्यामुळे ती पाणी अधिक शोषते व तिची दृढता कमी असते. म्हणून लोखंड-सळयांच्या काँक्रीटमध्ये ती भरड मालाच्या २० टक्क्यांपर्यंत व २५ मेगापास्कल किंवा त्याहून कमी बलाच्या प्रतींतच, सळयांविरहित काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, तर पायाखालील १५ मेगापास्कलहून कमी बलाच्या थरांत पूर्णपणे वापरण्यास अनुज्ञा आहे.